शिकायचंय आणि कमवायचंय: पुण्यातल्या ताया आणि तरुण मुलं-मुली आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

दांडेकर पूल, अप्पर, येरवडा, ताडीवाला रोड अशा वस्त्यांमधल्या बैठकांत आणि फोनवर जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केलेत. प्रश्न विचारणारीच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त नावं काढली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. प्रश्न ५ मात्र कोर्सला नाव घालण्याआधी प्रत्येकीने वाचावा.

१. मोफत कोर्स असतात म्हणतात. पुण्यात नक्की कुठे जाऊन विचारायचं?

आधी तुमचं घर कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. पुणे महापालिकेत असाल तर त्यांचा समाज विकास विभाग. भोसरी, थेरगाव, काळेवाडी असेल तर पिंपरी-चिंचवड महापालिका. दोघांच्या योजना वेगळ्या आणि रहिवासाचा पुरावा आपापल्या हद्दीचाच चालतो. काळेवाडीची बाई पुणे मनपात दोन हेलपाटे घालून मग आम्हाला फोन करते, हे नेहमीचं आहे. पुणे महापालिकेच्या साथीने चालणारी लाइटहाउस केंद्रंही आहेत. तिथे तरुण मुलामुलींना थेट कोर्सला बसवत नाहीत. आधी काही दिवस बोलणं-चालणं, स्वतःची आवड ओळखणं, मग कोर्स.

पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर औंधची सरकारी आयटीआय. मुलींसाठीची वेगळी आयटीआयही औंधलाच आहे. काही महिन्यांचे छोटे कोर्स केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून (ही २०१५ पासून आहे) वेगवेगळ्या केंद्रांत चालतात. माहेर किंवा सासर मुळशी, भोर, राजगड, खेड अशा ग्रामीण भागात असेल तर आणखी दोन दारं उघडी आहेत. एक, अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. तिथे राहणं-जेवणासकट शिक्षण मोफत असतं. दुसरं, नोकरीशी जोडलेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना.

२. माझी शाळा आठवीतच सुटली. मला कुणी घेईल का?

आठवी पास असाल तर आयटीआयमध्येसुद्धा जागा आहे. वेल्डर, वायरमन आणि शिवणकामाचा ट्रेड आठवी पासवर मिळतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटरला दहावी लागते, तीही गणित-विज्ञान घेऊन.

आठवी नापास असाल तर छोटे कोर्स बघा, प्रत्येकाची अट वेगळी असते. पण खरं सांगायचं तर वय कमी असेल तर आधी दहावी करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. त्याला पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण एवढंच लागतं. मुक्त विद्यालयातून परीक्षा देण्याची वाटही आहे. 'दहावीचं काय लोणचं घालायचंय' असं घरचे म्हणतात, पण पुढे प्रत्येक अर्जात दहावीचा रकाना येतोच.

३. माझं वय ३८ आहे. आता कुठला कोर्स?

आयटीआयला कमाल वयाची अटच नाही. किमान वय १४, वरती मर्यादा नाही. हे सांगितलं की बायकांचा विश्वास बसत नाही. कौशल्य विकास योजनेचे छोटे कोर्स १५ ते ४५ वयासाठी आहेत. दीनदयाळ योजनेत साधारण मर्यादा ३५ आहे, पण बायकांना ४५ पर्यंत सवलत मिळते. विश्वकर्मा योजनेला (प्रश्न १२) १८ वर्षं पूर्ण असली की झालं. आयटीआयची अडचण वयाची नसतेच, वर्षभर रोज जायचं ही असते.

४. सगळ्या जणी शिवण नाहीतर पार्लर घेतात. मी काय घेऊ?

संध्याकाळी आपल्या गल्लीत फिरा आणि पार्लर, टेलर आणि मेंदीचे बोर्ड मोजा. दत्तवाडीच्या एका ताईने हे केलं आणि दुसऱ्या दिवशी पार्लरच्या फॉर्मवरचं स्वतःचं नाव खोडलं. एवढी पार्लरं चालतात ती कुणाच्या तरी जुन्या गिऱ्हाइकांवर. नवीन बाईला गिऱ्हाईक कुठून येणार?

म्हणून शिवण वाईट असं मात्र नाही. रमाबाई रानड्यांचं सेवासदन पुण्यात १९०९ पासून आहे, तेव्हापासून या शहरात बायका हातात सुई घेऊन घर चालवत आल्या आहेत. फक्त शिवण म्हणजे एकच काम नव्हे. फॉल-पिको आणि अल्टर कुणीही करतं, म्हणून त्याला भाव नाही. ड्रेस मधला. खरे पैसे ब्लाउजला, तेही अस्तराच्या. आणि ब्लाउजमध्ये सगळा खेळ मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या काखेजवळच्या कापाचा. मुंढा चुकला की बाईने हात वर केला रे केला की खालची पट्टी वर सरकते. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पुढच्या वेळी येत नाही. तीन महिन्यांच्या बऱ्याच वर्गांत पेपर कटिंगवरच वेळ जातो. म्हणून नाव घालण्याआधी विचारा: माझ्या हाताने किती ब्लाउज पूर्ण शिवून होतील, आणि कापड कुणाचं? उत्तर 'दोन' असेल तर तो कोर्स धंद्यासाठी नाही.

शिवण-पार्लरच्या बाहेर काय? आजारी माणसाची काळजी (प्रश्न ९), वायरिंग, वेल्डिंग, हॉटेलचं किचन, गाडी चालवणं. रिक्षा चालवायची असेल तर राज्याची पिंक ई-रिक्षा योजना आहे. किमतीच्या २० टक्के अनुदान, १० टक्के आपले, ७० टक्के बँकेचं कर्ज. रिक्षा दिसते छान, पण हप्ता ७० टक्क्यांवरचा आहे. रात्री ती कुठे उभी करणार आणि चार्ज कुठे करणार, हे आधी ठरवा. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला हा प्रश्न कर्जापेक्षा मोठा पडतो.

५. कोर्स आवडलाय, पण बाळ दीड वर्षाचं आहे आणि घरचं कामही असतं. जमेल का?

कोर्स अवघड गेला म्हणून सोडलेल्या बायका आम्ही फार थोड्या पाहिल्या. पाणी, पोर आणि बस या तिघांपायी सोडलेल्या खूप.

आमचीच चूक सांगतो. एका वस्तीत आम्ही सकाळी १० ते १ ची बॅच ठेवली. हॉल मिळत होता, शिक्षिकेला सोयीचं होतं. दुसऱ्या आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा. आम्ही बैठकीत 'बायकांना गांभीर्य नाही' अशी चर्चासुद्धा केली. मग एका आजींनी सांगितलं, 'अहो, अकराला पाणी येतं.' बॅच दीड वाजता नेली आणि त्याच बायका परत आल्या. पाण्याची वेळ विचारायला आम्हाला दोन आठवडे लागले.

तर हिशेब असा मांडा. ३०० तासांचा कोर्स, रोज ४ तास, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे साडेबारा आठवडे. त्यात प्रवास धरा. अप्परहून औंधला बस बदलत जायचं तर जाऊन-येऊन अडीच-तीन तास सहज जातात. मग ४ तासांचा कोर्स ७ तासांचा होतो. मुलांची शाळा सुटायची वेळ, पाण्याची वेळ आणि मालकिणीच्या घरी भांड्यांची वेळ यांत ते ७ तास बसतात का? बसत नसतील तर थोडा कमी आवडता पण चालत जाण्याइतका जवळचा कोर्स घ्या.

नाव घालण्याआधी आठवडाभर त्याच वेळेला घराबाहेर पडून बघा. बाळाला ज्यांच्याकडे ठेवणार त्यांच्याकडे ते आठवडाभर खरोखर ठेवा. सासूबाई 'सांभाळते' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरते, हे तेव्हाच कळतं. अंगणवाडीतलं बालशिक्षण तीन वर्षांपासून पुढे असतं, त्यामुळे दीड वर्षाच्या बाळाला त्याचा उपयोग नाही. एकाच वस्तीतल्या तिघी-चौघींनी मिळून एका घरी मुलं ठेवली आणि त्या बाईला थोडे थोडे पैसे दिले, तर ते सगळ्यांत जास्त टिकतं.

६. कोर्स करताना पैसे मिळतात का? रोजची मजुरी बुडते.

बहुतेक छोट्या कोर्सला मजुरी मिळत नाही. शिक्षण मोफत, एवढंच. जिथे मिळतात ती ठिकाणं मोजकी. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये. कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलात तर दरमहा विद्यावेतन. आणि २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात. ती मुलींसाठीही आहे, वय १८ ते ३५. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये महिना. नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते. हा कोर्स नाही, ठरावीक मुदतीचा कामाचा अनुभव आहे. मुदत संपली की ती जागा कायमची होईल असं धरून चालू नका.

७. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म परत आला. काय करू?

हा आमच्याकडचा नंबर एकचा कागदी प्रश्न. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी ते जोडून काम होतं, कारण त्यावर दोन्ही नावांचा दुवा असतो. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर आधी ती करून घ्या. उशिरा केलेलीही चालते. नाव पूर्णपणे बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

एक सल्ला मोफत: ज्या मुलींची लग्नं व्हायची आहेत त्यांनी आधारवरचं नाव बदलायची घाई करू नये. कायदा सांगत नाही की लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे.

८. मी नवऱ्याचं घर सोडलंय. रेशन कार्ड, लाइट बिल सगळं त्याच्या नावावर. माझ्याकडे पुरावाच नाही.

आधार असेल तर त्यावरचा पत्ता आधी बदला. तुम्ही आता राहता त्या घरमालकाचा नोंदणी केलेला भाडेकरार किंवा बँकेचं पासबुक उपयोगी पडतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून मिळतो. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. घटस्फोट झाला नसेल तर फॉर्मवर 'घटस्फोटित' लिहू नका, 'परित्यक्ता' हा वेगळा रकाना बऱ्याच योजनांत असतो. त्याचा पुरावा म्हणून कोण काय मागतं हे योजनेनुसार बदलतं, म्हणून अर्ज घेणाऱ्याकडून यादी लिहून घ्या. तोंडी ऐकून हेलपाटे वाढतात. मारहाणीमुळे बाहेर पडला असाल तर १८१ ला फोन करा, कागद नंतर बघू.

बुधवार पेठेतल्या बायकांकडून हाच प्रश्न येतो आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या आदेशानुसार देहविक्री करणाऱ्या बाईला राहत्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळतं. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं किंवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं पत्र लागतं. आधारवर तिचा व्यवसाय कुठेही उमटत नाही, हेही त्याच आदेशात आहे.

९. सहा महिन्यांत नर्स बनवतो म्हणून एका क्लासने ४० हजार मागितलेत. भरू का?

नका भरू. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. नर्सिंगचा एएनएम कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, दोन्हीला बारावी लागते आणि नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी. नोंदणी क्रमांक नसेल तर दवाखान्यात सुईसुद्धा टोचायची नाही. फोटोत पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या मुली बघून भुलू नका.

काही महिन्यांत शिकता येतं ते रुग्णसेवकाचं काम, ज्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. तो कोर्स सरकारी योजनांत मोफत आहे आणि पुण्यात या कामाला मागणीही चांगली आहे, कारण मुलं परदेशात आणि आई-वडील कोथरूडला असं चित्र घरोघरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं, चादर माणूस न उठवता बदलणं, पाठ लाल दिसली की लगेच ओळखणं. हे नीट येणारी बाई बेकार राहत नाही. मात्र शिफ्ट बहुधा १२ तासांची असते आणि काम ब्यूरोमार्फत, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत मिळतं. ब्यूरो तुमच्या पगारातून किती कापणार आणि घरच्यांकडून किती घेणार, दोन्ही आकडे विचारा.

१०. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात. खरं असतं का?

प्लेसमेंट म्हणजे एक मुलाखत, असाही अर्थ काही जण लावतात. मागच्या बॅचच्या दोघी-तिघींशी फोनवर बोलू द्या म्हणा. काचकूच केली तर उत्तर मिळालं. त्यांना विचारा: पगार हातात किती येतो, ठिकाण कुठे, बस आहे का, आणि तिसऱ्या महिन्यात तू तिथेच होतीस का?

दाखल्याच्या मूळ प्रती कुणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या. एका मुलीचा दहावीचा मूळ दाखला एका केंद्राने 'फी बाकी आहे' म्हणून अडवला आणि त्यात तिची आयटीआयची प्रवेशफेरी गेली.

११. मला चाकणच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतलंय. पीएफ कापत नाहीत. फसवतायत का?

लगेच तसं समजू नका. अप्रेंटिस कायद्याखाली (१९६१ चा) नोंदवलेल्या उमेदवाराला पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि त्यावर पीएफ कापत नाहीत. तपासायचं ते हे की तुमचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का. नोंदवला नसेल आणि कंपनी नुसतंच 'ट्रेनी' म्हणत लाइनवर राबवून घेत असेल, तर तुम्ही कामगार आहात. मग पीएफ हवा, आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्डही. मुलगी असाल तर रात्रपाळीला तुमची संमती आणि येण्या-जाण्याची सुरक्षित सोय लागते. 'सगळ्याच जातात' ही संमती नव्हे.

१२. मी आणि नवरा दोघंही शिवणकाम करतो. विश्वकर्मा योजनेत दोघांची नावं घालू का?

नाही, कुटुंबातून एकच. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि त्यात १८ व्यवसाय आहेत: शिंपी, चांभार, कुंभार, टोपल्या विणणारे, हार-गजरे करणारे वगैरे. काही दिवसांचं प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, मग ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख कर्ज. काम तुम्ही आधीपासून हाताने करत असायला हवं. नव्याने शिकणाऱ्यांसाठी ही योजना नाही. घरात जिचं काम जास्त चालतं तिचं नाव घाला. आमच्या अनुभवात नाव नवऱ्याचं लागतं आणि मशिनवर बाई बसते.

१३. धंद्यासाठी कर्ज काढलं तर सबसिडी हातात मिळते का?

नाही, आणि हे न कळल्याने घरात भांडणं झालेली आम्ही पाहिली आहेत. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती योजनेचं उदाहरण घ्या. शहरातल्या बाईचा ४ लाखांचा प्रकल्प असेल तर तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २०,००० घालायचे. अनुदान २५ टक्के, म्हणजे एक लाख. ग्रामीण भागात ते ३५ टक्के आहे. पण हा लाख बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतो. धंदा चालू असल्याची खात्री झाली की कर्जातून वळता होतो. मध्येच शटर ओढलंत तर लाखही गेला आणि हप्ता मात्र राहिला.

एक मशीन घ्यायची असेल तर एवढा व्याप नको. सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत, तारणाशिवाय मिळतं. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. त्यासाठी पैसे घेणारा एजंट तुमच्या गरजेचा नाही.

१४. मी धुणीभांडी करते. मला कोर्स केलाच पाहिजे का?

नाही. आहे ते काम नीट पैशांत आणि मानाने करणं हाही पर्याय आहे. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. कोणता कोर्स केला होता त्यांनी? काम तेच, पण ओळखपत्र आलं आणि दारोदारचा हक्काचा कचरा मिळाला. घरकामाचा अनेक वर्षांचा अनुभव असेल तर कौशल्य योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा भागही आहे. त्यात महिनोन् महिने वर्गात बसावं लागत नाही.

१५. मी बालगृहात वाढलो. १८ पूर्ण झाले, आता बाहेर पडायचंय. कुठे जाऊ?

बाहेर पडण्याआधी अधीक्षकांकडे अनुरक्षण गृहाचा (१८ नंतर राहायची सोय देणाऱ्या संस्थेचा) अर्ज द्या. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत ही सोय आहे, म्हणजे राहायची चिंता न करता शिकता येतं. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र घ्या. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं, जिल्हा कार्यालयात अर्ज करा. संस्थेत वाढलेल्या प्रत्येकाला ते मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१६. क्लासमधला सर अंगाला हात लावतो. मी तर तिथे नोकरीला नाही, मग तक्रार चालेल का?

चालेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस दोघीही येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तीन महिन्यांच्या आत लेखी द्या आणि आलेले मेसेज पुसू नका. कोर्स सुटेल या भीतीने थांबू नका, कोर्स दुसऱ्या केंद्रात मिळतो.

१७. नोकरी लागली तर 'लाडकी बहीण' बंद होईल का?

कोर्स केल्याने होत नाही. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं किंवा घरातलं कुणी आयकर भरायला लागलं तर अट मोडते. १,५०० रुपयांसाठी १२,००० ची नोकरी नाकारणाऱ्या बायका आम्हाला भेटल्या आहेत, म्हणून हा प्रश्न इथे घेतला.

१८. मागच्या वर्षी कोर्स मध्येच सोडला. परत घेतील का?

त्याच केंद्रात आधी जाऊन सांगा की का सोडला. तुमचं नाव जुन्या बॅचमध्ये आधारने अडकलेलं असतं. ते 'सोडला' असं नोंदवल्याशिवाय नवीन केंद्राचा संगणक पुढे जात नाही, आणि तिथला माणूस 'तुमचं आधीच झालंय' म्हणून परत पाठवतो. नोंद दुरुस्त झाल्याची पावती किंवा स्क्रीनचा फोटो घ्या. मग प्रश्न ५ मधला हिशेब या वेळी खरा खरा मांडा आणि नवीन बॅचची वेळ बघूनच नाव घाला.